पहाट कुणाची

आमच्याकडे पाणी एक दिवसाआड येतं. कधी पहाटे चारला, कधी साडेपाचला; कधी नळ नुसता फुसफुसतो, दोन शिंका देतो आणि गप्प होतो. राहुरीजवळच्या मुळा धरणातून निघालेलं हे पाणी नगरला पोचेपर्यंत वाटेत कुणाकुणाशी बोलत बसतं, ते त्यालाच ठाऊक. म्हणून पाण्याच्या आदल्या रात्री मी तोटी उघडी ठेवते आणि खाली स्टीलची रिकामी कळशी ठेवून निजते. पहिला थेंब पडला की ‘टण्ण’ वाजतं. मोबाइलच्या गजराला मी ढिम्म हलत नाही. त्या टण्णला मात्र उठते.

पिंप, दोन टाक्या, हंडे, बादल्या असं सगळं भरायला पाऊण तास लागतो. नळीवर एक डोळा ठेवला की बाकीची मी मोकळी. दिवसातली ही एकच वेळ, जेव्हा कुणी हाक मारत नाही. लग्न होऊन आले तेव्हा मी ती प्रार्थनेला दिली होती. २०२० च्या उन्हाळ्यापासून पुढं जवळजवळ दोन वर्षं त्या वेळेत एक आठ वर्षांचा मुलगा येऊन बसला. डोळे चोळत, गुडघे पोटाशी घेऊन, पाटावर.

तो माझा पुतण्या. माझी स्वतःची तीन आणि धाकट्या जाऊबाईंची दोन, अशी पाच मुलं तेव्हा घरात होती. जाऊबाई पुण्यात एका मोठ्या दवाखान्यात नर्स आहे. नगरच्या ख्रिस्ती घरात नर्स असणं यात नवल काही नाही. आमच्या सासरच्या नात्यातच पाच-सहा निघतील. दीर गाडीवर असतात, आठवडा आठवडा बाहेर. मार्च महिन्यात तिची ड्यूटी करोना वॉर्डात लागली आणि तिनं फोन केला, “ताई, पंधरा दिवस फक्त.” मुलं दोन पिशव्या घेऊन आली. पिशव्यांत उन्हाळी कपडे होते. स्वेटर आम्ही नगरलाच घेतले. दोनदा.

शाळा बंद होत्या, पण शिक्षण चालू होतं, असं सरकार सांगत होतं. घरात स्मार्टफोन दोन. त्यातला एक ‘ह्यांच्या’ खिशात नागापूरच्या एमआयडीसीत जायचा. उरलेल्या एका फोनवर पाच मुलांच्या चार इयत्ता आणि एक बालवाडी. थोरलीचा गणिताचा तास आणि पुतणीचा विज्ञानाचा तास एकाच वेळी लागला की घरात जे व्हायचं, त्याला ऑनलाइन शिक्षण म्हणत. सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ लागायचं, ते बरं होतं. निदान टीव्हीचा पडदा सगळ्यांना एकदम दिसायचा.

पुतण्या तिसरीत जाणार होता. बालभारतीचं पुस्तक उघडून धडाधडा वाचायचा. व्हिडिओत बाई “शाब्बास” म्हणायच्या. एक दिवस मी भाकऱ्या थापत होते, तो शेजारी बसून वाचत होता. काहीतरी दाखवायला मी हात पुढं केला आणि पिठाचा पंजा पानावर पडला. अर्धं पान झाकलं गेलं. तो वाचतच राहिला. झाकलेल्या ओळीसुद्धा.

मी हात उचलला नाही. पोरगं धडा संपेपर्यंत बोलत गेलं, एकही शब्द न चुकता. त्याला वाचता येत नव्हतं. पहिली आणि दुसरी अशी दोन वर्षं त्यानं शेजारच्या पोरांचं ऐकून ऐकून पाठ केलं होतं आणि ते कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. शाळेचं नाव सांगत नाही. पन्नास-साठ पोरांच्या वर्गात माझ्याही लक्षात आलं नसतं. त्याच्या आईला मी हे त्या वेळी सांगितलं नाही. ती तेव्हा दिवसाला आठ-आठ तास तो प्लास्टिकचा पोशाख घालून उभी असायची. तिला हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

मी डी.एड. झालेली नाही. बी.कॉम. आहे आणि लग्नाआधी वर्षभर एका पतसंस्थेत काउंटरवर बसत होते. पुण्या-मुंबईकडे आता मुलांना मुद्दाम शाळेत न घालणारी, विचार करून घरी शिकवणारी कुटुंबं आहेत. मुक्त विद्यालयाच्या परीक्षा देतात, नाहीतर सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसवतात. त्यांच्याबद्दल वाचलं की मला हेवा वाटतो. त्यांच्या फोटोत मागं पुस्तकांचं कपाट असतं आणि ओट्यावर काही नसतं. माझ्याकडे शाळा पाहुण्यासारखी न सांगता आली आणि स्वयंपाकघरातच बसली, कारण दुसरीकडे जागा नव्हती.

गणित सोपं गेलं. त्यात माझं श्रेय काही नाही, ते सासूबाईंचं आणि भाकरीचं. अर्धी, चतकोर, चतकोराचा अर्धा, हे अपूर्णांक पोरं ताटातच शिकली. आमच्या आई, म्हणजे सासूबाई, चौथी शिकलेल्या. पण त्यांना पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी तर येतेच, औटकीसुद्धा येते. औटकी म्हणजे साडेतीनाचा पाढा. “औट पंचे?” असं त्या लसूण सोलता सोलता विचारायच्या आणि मी, बी.कॉम., मनातल्या मनात बोटं मोडत बसायची. थोरली तोवर “साडेसतरा” म्हणून मोकळी झालेली असायची.

वाचनाचं मात्र गाडं अडलं. अक्षरं त्याला ओळखता यायची, सुटी सुटी. शब्द झाला की घाबरायचा आणि अंदाज ठोकायचा. मी ओरडायची. तो आणखी घाबरायचा. बारा-पंधरा दिवस असे वाया गेल्यावर एका संध्याकाळी प्रार्थनेला मला युक्ती सुचली.

आमच्याकडे रात्री साडेआठला सगळे एकत्र बसतात. गीत, शास्त्रातला उतारा, मग प्रार्थना. ‘उपासना संगीत’ची आमच्या घरातली प्रत आईंच्या लग्नातली, पुठ्ठा दोनदा बदललेला. त्यातली कितीतरी गीतं रेव्हरंड नारायण वामन टिळकांची. ही गीतं पुतण्याला तोंडपाठ, आईच्या पोटात असल्यापासून ऐकलेली. मी म्हटलं, पाठ करण्याची ह्याला एवढी सवय आहे ना, मग तिच्याच पाठीवर बसून जाऊ. पुस्तक त्याच्या मांडीवर दिलं आणि सांगितलं, आम्ही गातो, तू गाऊ नको. आम्ही जो शब्द म्हणू त्याच्यावर फक्त बोट ठेवत जा.

पहिल्या दिवशी बोट तीन ओळी मागं राहिलं. आठवड्यानं एका ओळीवर आलं. मग मी पहाटेही तेच सुरू केलं. पाणी भरता भरता मी हलक्या आवाजात गायची, तो मोबाइलच्या उजेडात बोट फिरवायचा. चाल लांबली की बोट थांबायचं, चाल वळली की वळायचं. कडव्याच्या शेवटी आम्ही एकदमच पोचलो, त्या दिवशी मी टाकी वाहू दिली. अंगणभर पाणी झालं. शेजारीण दुसऱ्या दिवशी त्यावरून बोललीच.

पण आईंना हे पटत नव्हतं. त्यांनी महिनाभर पाहिलं आणि एका रात्री पुस्तक मिटता मिटता म्हणाल्या, “अगं, प्रार्थनेची शाळा करू नकोस.”

मला राग आला. काय चुकीचं करत होते मी? पण अंथरुणावर पडल्यावर लक्षात आलं की त्यांचं म्हणणं खरं होतं. गेल्या महिन्यात मी एकदाही प्रार्थना केली नव्हती. गात होते, पण डोळा बोटावर. हात जोडत होते, पण मनात उद्या जोडाक्षरं घ्यावीत का, रफार आधी की नंतर. एका दगडात दोन पक्षी मारल्याचा आनंद मला झाला होता. त्यातला एक पक्षी माझाच होता, हे आईंनी पाहिलं.

देवळात, म्हणजे चर्चमध्ये, बायकांच्या सभेला वर्षातून एकदा तरी मार्था आणि मरीयेची गोष्ट येतेच. बेथानी गावच्या दोघी बहिणी. येशू घरी येतो. मरीया त्याच्या पायाशी बसून ऐकते, मार्था स्वयंपाकघरात राबते आणि शेवटी चिडून तक्रार करते की हिला जरा मला हात लावायला सांग. पाहुणा मार्थेची समजूत काढतो, पण कौल मरीयेला देतो. या गोष्टीवर मी निदान पंधरा उपदेश ऐकलेत. उपदेश करणारे बहुतेक पुरुष, आणि सभेनंतर चहा कुणी केला ते वेगळं सांगायला नको. मी आयुष्यभर मार्थेच्या बाजूची. बारा-तेरा माणसं अचानक दारात आलेली, त्यांना भाकरी नको?

आपल्याकडे तसं नाही. आपल्याकडे जनाबाईचा देव येऊन जात्याला हात लावतो. तो तिला पायाशी बसवून घेत नाही. शेण्या वेचतो, दळू लागतो. एकदा आईंना म्हटलं, “आई, विठोबा उठून दळायला बसला, आणि आपल्याकडे बेथानीत पाहुणा बसूनच राहिला की.” आमच्या आई पक्क्या देवळातल्या. पण निवृत्तिनाथांची पालखी नगरावरून जाते तेव्हा रस्त्याला उभ्या राहून वारकऱ्यांना पाणी देणाऱ्याही त्याच. थोडा वेळ त्या बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “तो उठला असता. तिनं रागावून सांगितलं, म्हणून बसला.” हे कुठल्याही उपदेशात मी ऐकलेलं नाही.

टाळेबंदीत वाचनालय बंद. घरात होतं तेच पुन्हा वाचायचं. गीतं लिहिणाऱ्या त्या टिळकांच्या बायकोचं, लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र मी कॉलेजात असताना वाचलं होतं, तेव्हा हसत हसत. आता रात्री भांडी झाल्यावर चार-चार पानं वाचू लागले आणि पुस्तक वेगळंच निघालं.

लक्ष्मीबाई १८६८ साली जन्मल्या, नाशिकजवळच्या जलालपूरच्या. शाळेची पायरी कधी चढल्या नाहीत. अक्षरओळख झाली ती नवऱ्याकडून, घरातल्या घरात. वडील सोवळ्याचे इतके कडक की बाहेरून आलेलं मीठसुद्धा धुवून घ्यायचं. अशा घरातली ही बाई. टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. मग काही वर्षं दोघं वेगळी. पुढं ती इकडे आमच्या भागात, नगर-राहुरीला, नवऱ्याकडे आली. पण चूल वेगळी, पाणी वेगळं. एका छपराखाली दोन धर्म आणि दोन स्वयंपाक. हे काम किती असेल याचा मी पूर्वी विचारच केला नव्हता. धर्मांतराची चर्चा करणारे लोक दोन चुलींच्या राखेचा हिशेब कधी करत नाहीत. मग हळूहळू, कुणी न सांगता, तिचं तिलाच कळत गेलं की जात देवानं केलेली नाही. एकदा ते पटल्यावर ती कुणाच्याही हातचं खाऊ-पिऊ लागली. १९०० मध्ये तिनं स्वतः बाप्तिस्मा घेतला.

त्याच सुमाराला छप्पनचा दुष्काळ पडला होता, त्यामागं प्लेग. टिळकांचं घर म्हणजे धर्मशाळा. अनाथ मुलं, शिकायला आलेली मुलं, कवी. आपले बालकवी ठोंबरेसुद्धा काही काळ त्यांच्याकडे होते. टिळक मोठे कवी, मोठ्या मनाचे, आणि हातात आलेला पैसा वाटेतच देऊन येणारे. मोठ्या मनाच्या माणसाच्या घरात एक छोट्या मनाचं माणूस लागतं, जे रात्री डब्यात हात घालून पीठ किती उरलं ते बघतं. ते काम लक्ष्मीबाईंनी केलं, आणि वर ते विनोदानं सांगितलं. ‘स्मृतिचित्रे’चे भाग १९३४ पासून निघू लागले, १९३६ च्या फेब्रुवारीत त्या गेल्या. म्हणजे पुस्तक निघायला त्यांना साठी ओलांडावी लागली. टिळक १९१९ मध्ये गेले तेव्हा ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अर्धवट राहिलं होतं, थोडेच अध्याय झाले होते. ते पुरं कुणी केलं? यांनीच. जोडाक्षरांशी झगडलेल्या बाईनं.

लिहायला मोकळा वेळ लागतो म्हणतात. आमच्या नगरच्या भुईकोट किल्ल्यात १९४२ पासून पंडित नेहरू कैदेत होते. तिथं १९४४ साली पाच महिन्यांत त्यांनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिलं. सोबत मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव असे विद्वान. काही अडलं तर शेजारच्या खोलीत विचारता येत होतं. तुरुंगवास सोपा नव्हताच. पण किल्ल्यावरून जाताना दर वेळी माझ्या मनात एक पापी विचार येतो, की पाच महिने, कुणीतरी आयतं ताट आणून देतंय, आणि बाहेरून कडी!

तर मला सांगायचं आहे ते दुसऱ्याच एका लक्ष्मीबाईंबद्दल.

पंडिता रमाबाईंचं नाव आमच्या घरात लहानपणापासून. केडगावच्या रमाबाई. नगरच्या माणसाला केडगाव म्हटलं की पुणे रस्त्यावरचं आपलं केडगाव आठवतं; मीही पाचवी-सहावीपर्यंत त्यांचं मुक्ती मिशन तिथंच कुठंतरी असेल असं समजत होते. ते केडगाव दौंडजवळचं, पुणे जिल्ह्यातलं. रमाबाईंचं शारदा सदन, दुष्काळातून वाचवलेल्या मुली, बायकांनी चालवलेला छापखाना आणि शेवटच्या श्वासापर्यंत चाललेलं बायबलचं मराठी भाषांतर, हे सगळं आम्ही शब्बाथशाळेत शिकलो. त्यांची आई आम्हाला कुणी शिकवली नाही.

त्या आईचं नावही लक्ष्मीबाई. अनंतशास्त्री डोंगऱ्यांची बायको. शास्त्रीबुवांनी आपल्या या लहान वयाच्या बायकोला संस्कृत शिकवलं, म्हणून धर्ममार्तंड त्यांच्यावर उठले. शास्त्रीबुवा बिऱ्हाड घेऊन गंगामूळच्या रानात जाऊन राहिले. तिथं १८५८ च्या एप्रिलमध्ये रमाबाई जन्मल्या. पुढं कर्ज झालं, रान सुटलं, आणि सगळं कुटुंब पुराणं सांगत तीर्थोतीर्थ फिरू लागलं. वडील म्हातारे झालेले. तेव्हा धाकट्या मुलीला शिकवलं ते आईनं.

रमाबाईंचं ‘हाय कास्ट हिंदू वुमन’ हे पुस्तक १८८७ मध्ये अमेरिकेत निघालं. त्याला फिलाडेल्फियाच्या डॉ. रेचेल बॉडली यांची प्रस्तावना आहे. त्यात हा प्रसंग येतो. आईला दिवसभर घरकाम. विद्यार्थी, पाहुणे, यात्रेकरू यांची सरबराई. मुलीसाठी दिवसात वेळच नाही. म्हणून पहाटे, उजाडायच्या आधी, झोपलेल्या मुलीला उचलून घ्यायचं, गोड बोलून जागं करायचं आणि पाखरं बोलत असताना श्लोक म्हणून घ्यायचे. हातात पोथी नाही. आई म्हणेल ते मुलीनं म्हणायचं. अशानं त्या मुलीला बारा वर्षांच्या आत भागवताचे अठरा हजार श्लोक पाठ झाले असं सांगतात. ते पुस्तक रमाबाईंनी आईच्याच स्मृतीला अर्पण केलं आहे.

हे मी एका रात्री वाचलं. दुसऱ्या दिवशी पाण्याचा वार होता. पहाटे पुतण्याला उठवताना मी मुद्दाम गोड बोलून पाहिलं. त्यानं पांघरूण डोक्यावर ओढलं आणि म्हणाला, “मोठी मम्मी, तू बरी आहेस ना?”

मी बरी होते. पण त्या दिवसापासून एक हिशेब माझ्या डोक्यात घुसला. काउंटरवर बसण्याची सवय; रक्कम जुळली नाही की मला जेवण जात नाही. रमाबाईंची ती आई पहाटेच्या आधी उठायची. दिवसभर पाहुणे, विद्यार्थी, नवऱ्याची पूजाअर्चा, तिची स्वतःची. रात्री सगळ्यांनंतर निजत असणार. मग ती झोपायची केव्हा? आठव्या वर्षापासून पंधराव्यापर्यंत, म्हणजे सात वर्षं रमाबाई तिच्याकडे शिकल्या. सात वर्षांच्या पहाटा कुणाच्या खात्यातून गेल्या?

या पहाटेबद्दल जो जो लिहितो तो पाखरांबद्दल लिहितो. मुलीला ती पहाट गोड आठवली, आठवावीच. शिकणाऱ्याची पहाट गोड असते. पण शिकवणारीला कुणी विचारलं नाही, आणि तिनं लिहून ठेवलं नाही. संस्कृत येत होतं तिला. मुलीला व्याकरण शिकवण्याइतकं येत होतं. तरी तिची म्हणून एक ओळ आपल्याकडे नाही. दुष्काळात आधी नवरा गेला, मग ती, मग थोरली मुलगी. उरली ती रमाबाई आणि तिचा भाऊ. टिळकांच्या लक्ष्मीबाईंना साठीनंतरची काही वर्षं मिळाली म्हणून आपल्याला पुस्तक मिळालं. डोंगऱ्यांच्या लक्ष्मीबाईंना ती मिळाली नाहीत.

भक्ती, शिक्षण आणि घर यांचा समतोल साधणे, असं आमच्या महिला मेळाव्यांत बोललं जातं. मी मान डोलावते. तारेवरची कसरत म्हणतात. तारेच्या खेळातसुद्धा वर चालणारी एकटी असते, पण खाली ढोलकी वाजवणारा असतो, काठी हातात देणारा असतो, थाळी फिरवणारा असतो. आणि खेळ अर्ध्या तासात संपतो. माझ्या अनुभवात समतोल कधी झाला नाही. ज्या दिवशी पोरं चांगली शिकली त्या दिवशी आमटी करपली. ज्या दिवशी नाताळच्या करंज्या वेळेवर झाल्या त्या आठवड्यात वह्यांना कुणी हात लावला नाही. ज्या दिवशी मी खरोखर, मनापासून, काही न मागता प्रार्थना केली, त्या दिवशी धाकटीनं पिठाच्या डब्यात पाणी ओतलं. तीन पारडी असलेला तराजू मी अजून पाहिलेला नाही. आणि तो समतोल वाटावा म्हणून जे वजन गुपचूप टाकावं लागतं, ते झोपेचं असतं.

नगरला मुलींच्या शिक्षणाचा इतिहास सांगताना सिंथिया फॅरारबाईंचं नाव घेतात, आणि ते घ्यायलाच हवं. १८३९ मध्ये त्या इथं आल्या आणि १८६२ मध्ये इथंच वारल्या. तेवीस वर्षं मुलींच्या शाळा चालवल्या. सावित्रीबाई फुल्यांनी शिकवण्याचे धडे त्यांच्याकडे घेतले. फॅरारबाईंचं लग्न झालेलं नव्हतं. हे मी उणं म्हणून सांगत नाही. त्यांनी निवड केली आणि एकच गोष्ट पुरी केली, असं मला वाटतं. आम्हाला तिन्ही हव्या असतात, किंवा आम्हाला तिन्ही हव्यात असं ठरलेलं असतं. यातलं खरं कोणतं, ते पहाटे चारला नीट सुचत नाही.

आईंनी हटकल्यावर मी एक बदल केला. रात्रीच्या प्रार्थनेतून शाळा काढून टाकली. बोट नाही, पुस्तक नाही, फक्त म्हणायचं. शाळा पहाटेलाच ठेवली. त्यामुळं प्रार्थना परत आली का? काही रात्री आली. बहुतेक रात्री डोळे मिटले की ते मिटलेलेच राहायला बघायचे.

२०२१ च्या एप्रिलमध्ये नगरची स्थिती फार वाईट झाली. गल्लीत रोज कुणाचा ना कुणाचा फोन यायचा. ‘ह्यांना’ही ताप येऊन गेला, चौदा दिवस वरच्या खोलीत. ताटं दाराशी ठेवायची, भांडी वेगळी धुवायची. म्हणजे मीही एका छपराखाली दोन स्वयंपाकघरं चालवली. पण निदान धर्म एकच होता. जाऊबाईचा फोन दोन दिवस लागला नाही. मुलांसमोर मी दोन्ही दिवस तिच्याशी बोलल्याचं नाटक केलं. पुतणी अकरा वर्षांची, तिला कळलं होतं. ती काही बोलली नाही. त्या रात्री तिनं न सांगता कणीक मळली.

त्या आठवड्यातलीच एक रात्र. साडेआठला आम्ही बसलो. गीत झालं. उतारा थोरली वाचणार होती. मी भिंतीला टेकले, एवढंच आठवतं.

जाग आली तेव्हा अंधार होता. अंगावर आईंचं गोधडीचं पांघरूण. मानेखाली कुणीतरी शाल घडी करून सरकवली होती. घरात निजानीज. स्वयंपाकघरात गेले, तर भांडी घासून पालथी घातलेली. पहिल्यांदाच. मी उभ्या उभ्या घटाघटा पाणी प्याले आणि तिथंच पायरीवर बसले.

आई जाग्याच होत्या. हळूच म्हणाल्या, “झोप की अजून. पाण्याला वेळ आहे.”

“उतारा कुणी वाचला?”

“त्यानंच. थोरलीच्या हातातून पुस्तक ओढून घेतलं. म्हणाला, मी वाचतो.”

“पाठ असेल त्याला.”

“नाही गं. मला तरी कुठं पाठ होता? कुठला तरी अवघड काढला होता, नावांचाच. अडखळला, पण एकेक नाव वाचलं त्यानं. मी बोट बघत होते. बरोबर चाललं होतं.”

जवळजवळ वर्षभर मी त्या बोटामागं होते. आणि ते पुढं गेलं तेव्हा मी भिंतीला टेकून घोरत होते, हेही आईंनीच सांगितलं. “पोरं हसायला लागली होती, मी दटावलं. म्हटलं, प्रार्थना चालू आहे.”

तेवढ्यात कळशीत टण्ण वाजलं. मी उठले. पालथी घातलेली भांडी सरळ करून पाहिली, तर प्रत्येकाला आतून साबण तसाच. पाचही जणांनी मिळून घासली होती आणि विसळायचं कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. मी नळी टाकीत सोडली, पाट ओढला आणि एकेक ताट पुन्हा विसळायला घेतलं. पुतण्याला मी त्या पहाटे उठवलं नाही.